‘माझं काही एवढं मोठं नाही’ म्हणणाऱ्यांसाठी: आत्मसन्मानावर काम करणारा ऑनलाइन थेरपिस्ट कसा शोधायचा

व्हॉट्सॲपवर मेसेज टाइप करून ठेवला होता. ‘नमस्कार मॅडम, मला सेशन घ्यायचं आहे. आपली फी किती?’ एवढाच. तो पाठवायला मला अकरा दिवस लागले. रोज रात्री उघडायचे, सुरुवातीला ‘डिस्टर्ब करतेय, सॉरी’ घालायचे, मग ते खोडायचे, मग सगळंच खोडायचे. लोकांची केवढाली दुःखं असतात, आपण कुठे त्यांचा वेळ खायचा, असं वाटायचं. त्या वेळासाठी आपण पैसे मोजणार आहोत हे डोक्यात यायचंच नाही.

स्वतःची किंमत कमी वाटणारा माणूस फार वाईट गिऱ्हाईक असतो. भाजीवाल्याने किडकी वांगी तराजूत टाकली तरी तो ‘राहू दे’ म्हणतो. थेरपिस्ट शोधतानाही हेच होतं. फी विचारायची लाज वाटते, शिक्षण विचारलं तर समोरच्याचा अपमान होईल असं वाटतं आणि सेशन आवडलं नाही तरी तोंडातून ‘खूप छान वाटलं’ बाहेर पडतं. ज्या दुखण्यासाठी जायचं, तेच दुखणं शोधाच्या प्रत्येक पायरीवर पाय ओढतं. म्हणून खाली जिथे जिथे तोंड उघडावं लागतं, तिथे तयार वाक्यंही दिली आहेत. उचला आणि चिकटवा.

आधी वहीत तीन ओळी

‘आत्मविश्वास कमी आहे’ हे वाक्य कुणालाच काही सांगत नाही. त्याऐवजी प्रसंग लिहा. ‘मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की मी म्यूट राहते, मग तोच मुद्दा दुसरं कुणी मांडतं आणि मी रात्रभर स्वतःला शिव्या घालते.’ किंवा ‘एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट गेला, तेव्हापासून नात्यातल्या एकाही लग्नाला गेलो नाही, कारण तिथे सगळे विचारतात, सध्या काय चाललंय?’ ही झाली पहिली ओळ. दुसऱ्या ओळीत हे साधारण कधीपासून आहे ते लिहा. तिसऱ्या ओळीत तीन महिन्यांनी नेमकं काय वेगळं व्हायला हवं ते. तिथे ‘मी आनंदी असेन’ नको. ‘चुलतभावाच्या लग्नाला जाऊन जेवून येईन’ असं काहीतरी हवं.

आकडा हवा असेल तर रोझेनबर्ग यांची आत्मसन्मानाची मोजपट्टी आहे. मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेली दहा विधानं आहेत, प्रत्येकापुढे चार पर्याय असतात. पाच मिनिटांत भरून होते. त्यावरून स्वतःला कुठलंही लेबल लावू नका. तारीख टाकून आकडा नोंदवून ठेवा, तीन महिन्यांनी परत भरा, तुलना स्वतःशीच करा.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट बघून टाका. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटतंय, झोप किंवा भूक बिघडली आहे, कशातच रस उरलेला नाही, असं असेल तर ‘मी कुचकामी आहे’ हा विचार नैराश्याचं लक्षणही असू शकतो. मग नुसत्या आत्मविश्वासाच्या गप्पा पुरत नाहीत. आधी तपासणी हवी, कदाचित औषधही. फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घ्यायला हरकत नाही. शरीरातल्या कमतरतेनेही माणूस स्वतःला आळशी आणि नालायक समजू लागतो.

जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा, ही सरकारची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे. तातडीचा धोका असेल तर ११२. घरात मारहाण होत असेल किंवा दारूचा प्रश्न गंभीर असेल, तरीही आठवड्यातून एकदाच्या व्हिडिओ कॉलवर विसंबू नका. तिथे प्रत्यक्ष मदत लागते.

पाटीवर काय लिहिलंय आणि त्याचा अर्थ काय

मराठीत इथे बराच गोंधळ आहे. आपण सगळ्यांनाच ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हणून मोकळे होतो.

सायकॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. इथल्या तीन पाट्यांपैकी औषध तोच देऊ शकतो. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे डॉक्टरांना व्हिडिओवर तपासणी करता येते. आपल्या प्रिस्क्रिप्शनवर, पावतीवर त्यांनी नोंदणी क्रमांक द्यायचा असतो. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतो, औषध देत नाही. मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी झाल्यावर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला पुढचा अभ्यासक्रम त्याने केलेला असतो. वर्षानुवर्षं ही पदवी म्हणजे दोन वर्षांचं एम.फिल. या परिषदेला सगळे आरसीआय म्हणतात. ती १९९२ च्या कायद्याने आली आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवते. नोंदणी झालेल्या प्रत्येकाला सीआरआर क्रमांक मिळतो आणि आरसीआयच्या वेबसाइटवर नाव किंवा क्रमांक टाकून तो पडताळता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. करा.

समुपदेशक, म्हणजे काउन्सेलर, हा तिसरा आणि सर्वांत मोठा गट. यात समुपदेशनात एमए केलेली, वर्षानुवर्षं सुपरव्हिजनखाली काम केलेली उत्तम माणसंही आहेत आणि रविवारच्या दोन वर्कशॉपचं सर्टिफिकेट फ्रेम करून बसलेलीही आहेत. या गटातल्या बहुतेकांकडे आरसीआयची नोंदणी नसते, कारण ती क्लिनिकल आणि पुनर्वसनाच्या क्षेत्रासाठी आहे. नोंदणी नाही म्हणजे माणूस भोंदू, असं धरू नका. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, पण त्याची घडी बसायला वेळ लागतोय. तोवर चौकशी आपण करायची.

माझं मत विचाराल तर, नुसता स्वतःला कमी लेखण्याचा प्रश्न असेल तर चांगला एमए झालेला समुपदेशक पुरतो. सोबत जुना आघात, खाण्यापिण्याचे विकार, पॅनिक असं काही असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा.

‘लाइफ कोच’, ‘माइंड ट्रेनर’, ‘एनएलपी मास्टर’ या पाट्यांना मानसोपचाराच्या पात्रतेचा काही आधार नाही. ‘२१ दिवसांत जबरदस्त आत्मविश्वास’ असं जिथे लिहिलंय, तिथून निघा.

शोधायचं कुठे

अगदीच सुरुवात करायची असेल, पैसे नसतील, कुणाशी तरी एकदा बोलून बघायचं असेल, तर टेलि-मानस. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. क्रमांक तोच, १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. दर आठवड्याला तोच माणूस, तीच गोष्ट पुढे नेतोय, अशी थेरपी मात्र तिथे अपेक्षित धरू नका. पहिलं बोलणं आणि पुढे कुठे जायचं याची दिशा, यासाठी ती उत्तम.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये आयकॉल सुरू केलं. फोन, ईमेल, चॅटवर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. ज्यांना तोंडाने सांगणं जड जातं त्यांच्यासाठी ईमेलचा पर्याय फार मोलाचा आहे. लिहिताना आवाज कापत नाही. ठाण्याची आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभी केली. मराठीतून मन या विषयावर इतकं सातत्याने बोलणारी संस्था दुसरी शोधावी लागेल. सध्याच्या वेळा आणि ऑनलाइन अपॉइंटमेंट त्यांच्याकडेच विचारून घ्या.

मग येतात खासगी ॲप आणि डिरेक्टरी. तिथे ‘सेल्फ-एस्टीम’ असा फिल्टर असतो आणि तो जवळजवळ सगळ्यांनी टिक केलेला असतो. ज्या प्रोफाइलमध्ये नैराश्यापासून करिअर, मुलांचं संगोपन, व्यसन, वास्तूपर्यंत पंचवीस टिक आहेत ती सोडा. चार-पाचच विषय धरलेले असतील आणि दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहिल्या असतील, तिथे थांबा. भाषेचा फिल्टर लावून मराठी निवडा, पण त्यावरही विसंबू नका. पुष्कळांनी ‘मराठी’ लिहिलेलं असतं ते रिक्षावाल्याशी बोलण्यापुरतं.

भाषेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. माझे पहिले चार सेशन इंग्रजीत झाले. नोकरीत दिवसभर इंग्रजी बोलते, मग काय बिघडलं? बिघडलं हे की ‘आय फील इनॅडिक्वेट’ म्हणताना डोळ्यांत पाणी येत नाही. ‘आई म्हणायची, तुझ्यात काही राम नाही’ हे वाक्य मराठीतच लागतं. त्याचं इंग्रजी करायला गेलं की ती आई राहत नाही, ते घर राहत नाही. शिवाय ज्यांचा न्यूनगंडच इंग्रजीवरून आहे, म्हणजे मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला गेलेली आणि पहिल्या वर्षी वर्गात मान खाली घालून बसलेली पोरं, त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या थेरपिस्टसमोर बसून तेवढाच एक तास पुन्हा मान खाली घालावी यात काय हशील?

मैत्रिणीने सुचवलं तर नाव घ्या, पण सख्ख्या बहिणीचा किंवा जिवलग मैत्रिणीचाच थेरपिस्ट नको. मावसभावाची बायको समुपदेशक आहे म्हणून तिच्याकडे तर नकोच. परभणीतल्या माणसाने पुण्यातला थेरपिस्ट गाठावा, दवाखान्याच्या जिन्यात कुणी ओळखीचं भेटण्याची धास्ती नसावी, ही ऑनलाइनची खरी सोय. ती हातची घालवू नका.

मेसेज

आता तो मेसेज. जसाच्या तसा घ्या, आपले तपशील घाला:

‘नमस्कार. मी ३४ वर्षांची आहे, नाशिकला नोकरी करते. स्वतःला सतत कमी लेखण्याच्या सवयीवर काम करायचं आहे. काही गोष्टी विचारायच्या होत्या. आपलं शिक्षण आणि नोंदणी काय आहे? या विषयावर आपण कोणत्या पद्धतीने काम करता? सेशन मराठीत होईल का? किती मिनिटांचं, फी किती? आयत्या वेळी रद्द करावं लागलं तर काय नियम आहे? सुरू करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’

यात ‘सॉरी’ नाही, ‘आपला अमूल्य वेळ’ नाही. घालू नका.

आणि हा मेसेज एकाच दिवशी तिघांना पाठवा. एकालाच पाठवलं की आपल्यासारखी माणसं त्या एकाशी बांधली जातात. ‘त्यांनी एवढं उत्तर दिलंय, आता नाही कसं म्हणू?’ तिघांना विचारणं ही बेइमानी नाही. घराला रंग द्यायचा तरी आपण तीन कोटेशन मागवतो.

उत्तरं आली की नुसती फी बघू नका. शिक्षणाच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे का, की ‘माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे, विश्वास ठेवा’? पद्धतीच्या प्रश्नावर दोन वाक्यं तरी नीट आली का? विचारल्याबद्दल चिडचिड दिसली तर ते नाव खोडा. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नांची सवय असते. दोन-तीन दिवस उत्तरच आलं नाही तर त्याचा अर्थ ‘मी नकोशी आहे’ असा लावू नका. ते कामात असतात, एवढाच अर्थ.

पैसे

माझ्या पाहण्यात ऑनलाइन सेशनची फी साधारण ५०० ते ३००० रुपयांपर्यंत असते. नवखे समुपदेशक आणि संस्था खालच्या टोकाला, मुंबई-पुण्यातले जुनेजाणते वरच्या टोकाला. ४५ ते ६० मिनिटांचं सेशन. जास्त फी म्हणजे जास्त चांगला थेरपिस्ट, असं काही नसतं.

बरेच जण काही जागा कमी फीवर ठेवतात, पण जाहिरात करत नाहीत. वाक्य असं: ‘माझं महिन्याचं बजेट अमुक आहे. त्यात बसेल अशी काही व्यवस्था आहे का?’ कारण सांगत बसू नका. घराचा हप्ता, सासऱ्यांचं ऑपरेशन, काही सांगायची गरज नाही. हो किंवा नाही, एवढंच उत्तर हवंय.

सुरू करताना निदान आठ सेशनचे पैसे बाजूला आहेत का ते बघा. पहिली दोन तर ओळख होण्यातच जातात. दर आठवड्याला परवडत नसेल तर दर पंधरवड्याला ठेवा, पण तीन सेशन करून पैसे संपले म्हणून अर्ध्यात सोडलं की ‘बघ, हेही जमलं नाही’ अशी यादीत भर पडते. दहा-वीस सेशनचं पॅकेज आधीच विकणाऱ्याला मात्र नाही म्हणा. निदान पहिल्या दोन भेटींपर्यंत तरी.

हिंजवडीच्या मोठ्या कंपन्यांपासून अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांना काही सेशन मोफत मिळतात, एचआरच्या जुन्या ईमेलमध्ये ते दबलेलं असतं. शोधा, आणि नावनिशी माहिती कंपनीकडे जाते का हे लेखी विचारा. विमा म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरायला सांगितलं आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी मुळात इस्पितळात दाखल होण्याभोवती बेतलेल्या असतात. ओपीडीचं कलम असेल तरच थेरपीच्या बिलाची आशा धरा.

दार लावून घ्यायला जागा कुठे आहे

इंग्रजी साइट सांगतात, शांत खोलीत बसा. वन-रूम-किचनमध्ये शांत खोली कुठून आणायची? मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून सेशन केले आहेत. एप्रिलमध्ये घाम गळायचा, काच खाली केली की वॉचमनचा रेडिओ. कुणी गच्चीवर जातं, कुणी ऑफिस सुटल्यावर रिकाम्या मीटिंग रूममध्ये बसतं, गावाकडचा एक मुलगा शेतातल्या बांधावर बसून बोलतो कारण रेंज तिथेच येते. सगळं चालतं. इअरफोन लावा म्हणजे निदान समोरच्याचं बोलणं बाहेर जात नाही. दाराबाहेर टेबलफॅन लावून ठेवला की आपलं बोलणंही विरून जातं. आसपास कुणी आलं तर काय, हे पहिल्याच दिवशी ठरवा. माझा शब्द होता ‘रिपोर्ट’. ‘तो रिपोर्ट मी उद्या पाठवते’ म्हटलं की थेरपिस्ट बाईंनी समजायचं, कुणीतरी आलंय, आणि विषय बदलायचा.

व्हिडिओ अडकायला लागला तर नुसत्या आवाजावर जा. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला अर्ध्यापासून दीड जीबीपर्यंत डेटा जातो, रोजचा पॅक संपायच्या वेळी सेशन ठेवू नका. जॉइंट खात्यातून यूपीआय केलं तर नाव पासबुकात उमटतं, घरच्या टीव्हीला जोडलेल्या मोबाइलवर नोटिफिकेशन स्क्रीनवर झळकतं. घरी सांगितलं नसेल तर या बारीक गोष्टीच उघड्या पडतात.

ॲपच्या बाबतीत थोडं सावध राहा. बेटरहेल्प या बड्या अमेरिकन कंपनीने लोकांची मानसिक आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांना पुरवली, असा ठपका तिथल्या संघीय व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर मोजायला लावले. म्हणून ॲपवरची ती लांबलचक प्रश्नावली भरताना वेगळा ईमेल वापरा, आणि मनातलं सगळं तिथे ओतू नका. ते माणसासमोर ओता.

पहिला तास

पहिल्या सेशनमध्ये थेरपिस्टने स्वतःहून संमतिपत्र आणि गुप्ततेबद्दल बोललं पाहिजे. गुप्ततेला मर्यादा असतात: जिवाला धोका असेल, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं (२०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे), किंवा न्यायालयाने मागितलं तर. हे न सांगता ‘काही काळजी करू नका’ म्हणून पुढे गेले, तर आपण विचारायचं: ‘माझ्या नोंदी कुठे राहतात, कोण बघतं?’

दुसऱ्या थेरपिस्ट बाईंकडे मी पहिल्या तासाला वहीतल्या तीन ओळी वाचून दाखवल्या. वाचून झाल्यावर म्हणाले, ‘सॉरी, फार बोलले.’ बाई म्हणाल्या, ‘मी मोजत होते. हा नववा.’ नववा सॉरी. बावीस मिनिटं झाली होती. त्यांनी पुढे विचारलं, ‘यातला एक तरी कशासाठी होता ते सांगता येईल?’ मला एकही सांगता आला नाही. ती थेरपी होती. पहिल्या चार सेशनवाल्या थेरपिस्टने मला ‘यू आर अमेझिंग’ म्हणायचं शिकवलं होतं, रोज आरशासमोर. मी म्हणायचे आणि आरशातली बाई माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायची.

पद्धत ओळखा

आत्मसन्मानावर काम करायच्या दोन-तीन पद्धती तोंडओळखीपुरत्या माहीत असल्या की समोरचा काय करतोय ते कळतं. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक तपासून बदलण्याची थेरपी, तिच्यात मेलनी फेनेल या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये मांडणी केली ती अशी: लहानपणीच्या अनुभवांतून माणूस स्वतःबद्दल एक तळाचा निष्कर्ष काढतो, ‘मी कमी आहे’. मग तो निष्कर्ष झाकायला नियम करतो, ‘सगळं परफेक्ट केलं तर कुणाला कळणार नाही’. नियम मोडायची वेळ आली की तळाचा निष्कर्ष वर येतो. थेरपीत या नियमांची छोट्या छोट्या प्रयोगांनी परीक्षा घेतात. मुद्दाम एक चूक असलेला ईमेल पाठवून काय होतं ते बघायचं, असले प्रयोग.

आपल्याकडे मराठीत याहून जुनी ओळख आहे ती विवेकनिष्ठ मानसोपचाराची, म्हणजे आरईबीटीची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली आणि आपल्याकडचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांनी ती मराठी वाचकांच्या घरात नेली. गंमत म्हणजे एलिस यांना आत्मसन्मान ही कल्पनाच मान्य नव्हती. यश मिळालं की स्वतःला ८० मार्क आणि हुकलं की १५, हा मार्क देण्याचा धंदाच बंद करा, असं त्यांचं म्हणणं. वागणुकीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. त्याला बिनशर्त आत्मस्वीकार म्हणतात. मला स्वतःला हे जास्त पटलं, कारण ‘मी ग्रेट आहे’ यावर माझा कधी विश्वास बसलाच नसता.

पण एक सावधगिरी. ‘घटना नाही, घटनेबद्दलचा तुमचा विचार तुम्हाला त्रास देतो’ हे सूत्र आंधळेपणाने वापरणारे थेरपिस्ट असतात. जातीवरून, रंगावरून, लैंगिकतेवरून ज्याला खरोखर हिणवलं गेलंय, त्याला ‘तुमचा विचार अविवेकी आहे’ म्हणणं ही दुसऱ्यांदा केलेली हेटाळणी आहे. अपमान झाला होता, तो खरा होता, हे आधी मान्य करणारा माणूस हवा. पहिल्याच फोनवर विचारा: ‘जातीच्या अनुभवांवर तुम्ही काम केलंय का?’ उत्तरात ‘आता कुठे जात राहिलीय’ आलं, तर फोन ठेवा. क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे व्यक्तींसाठी मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांचा खास अभ्यासक्रम चालवला आहे. तो केलेला थेरपिस्ट शोधता येतो. ‘लग्न केलं की होईल सगळं नीट’ असा सल्ला कुणालाही, कशावरही देणारा थेरपिस्ट नको.

परदेशात असाल तर

अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना राज्यागणिक असतो आणि सेशनच्या वेळी तुम्ही बसलेले असता ते राज्य धरलं जातं. त्यामुळे न्यू जर्सीत बसून टेक्सासपुरताच परवाना असलेल्या माणसाकडे जाता येईलच असं नाही. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या टॉकिंग थेरपीजकडे जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं, मोफत. भारतातला मराठी थेरपिस्ट हवाच असेल तर ‘मी अमुक देशात आहे, तुम्हाला चालेल का?’ हे आधी विचारा, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर स्थानिक मदत कोणती ते लिहून ठेवा.

चार सेशननंतर

चौथ्या सेशननंतर वही उघडा. मी बोलते तेव्हा ते ऐकतात का? काही करून बघायला देतात का, आणि पुढच्या वेळी त्याबद्दल विचारतात का? एकदा तरी न पटलेली गोष्ट मी त्यांना सांगू शकले का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर पाचव्या सेशनमध्ये मुद्दाम एक नापसंती सांगा. ‘मागच्या वेळी तुम्ही माझ्या वडिलांबद्दल जे म्हणालात ते मला लागलं.’ चांगला थेरपिस्ट खुर्चीत पुढे सरकतो आणि म्हणतो, अजून सांगा. वाईट थेरपिस्ट स्वतःची बाजू मांडत बसतो.

थोडं अवघडल्यासारखं होणं, एखाद्या सेशननंतर दिवसभर जड वाटणं, यावरून थेरपिस्ट बदलू नका. काम चाललंय याचीही ती खूण असते. पण दर वेळी तुम्हाला लहान झाल्यासारखं वाटत असेल, तेच स्वतःच्या गोष्टी सांगत असतील, सेशनबाहेर खासगी मैत्री वाढवत असतील, तर बदला. गायब होऊ नका, तो आपला जुना रस्ता आहे. हे पाठवा:

‘नमस्कार. आतापर्यंतच्या सेशनबद्दल आभार. मला वाटतं, माझ्या गरजेसाठी वेगळ्या पद्धतीने काम करून बघायला हवं, म्हणून मी इथे थांबते आहे. पुढच्या थेरपिस्टना देण्यासाठी थोडक्यात नोंद मिळू शकेल का?’

पाठवल्यावर उत्तर काय येतंय म्हणून फोन हातात धरून बसू नका. मी बसले होते, पाऊण तास, त्या पहिल्या चार सेशनवाल्या बाई किती दुखावल्या असतील याची चित्रं रंगवत. उत्तर आलं: ‘नक्की, सोमवारपर्यंत पाठवते.’ आणि खाली फुलांचा एक इमोजी.